टर्कीच्या पिल्लांच्या आहारात औषधी पाला: निवड, वाळवण आणि मात्रा

गोव्यात टर्कीला खरे गिऱ्हाईक मिळते ते नाताळात. पोर्तुगीज भाषेत या पक्ष्याला 'पेरू' म्हणतात आणि जुन्या ख्रिस्ती घरांतून मागणी येते ती अजूनही त्याच नावाने. नाताळापर्यंत पक्षी २० ते २४ आठवड्यांचा व्हायला हवा असेल, तर पिल्ले जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरी आणावी लागतात. म्हणजे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत नाजूक असे पहिले सहा आठवडे नेमके आषाढ-श्रावणात येतात, जेव्हा सत्तरीत, डिचोलीत किंवा पेडण्यात चार दिवस सलग ऊन दिसत नाही आणि घरातले मीठसुद्धा पाणी सोडते. पाल्याची पूड तेव्हाच हवी असते आणि नेमकी तेव्हाच ती तयार करता येत नाही. म्हणून हे काम पिल्ले आल्यावर नव्हे, तर चैत्र-वैशाखात सुरू होते. मे महिना संपेपर्यंत ज्याच्या घरी वाळलेल्या पाल्याचे डबे भरून ठेवलेले नाहीत, त्याने त्या वर्षी पुडीचा नाद सोडून फक्त ताज्या पाल्यावर भागवावे, असे मी स्पष्टपणे सांगतो.

पाला कशासाठी द्यायचा, हे आधी ठरवले पाहिजे. खाद्यातून वाढीसाठी प्रतिजैविके देण्याची पद्धत युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंद केली आणि भारतातही २०१९ मध्ये ज्यांचे मांस, दूध, अंडी आपण खातो अशा जनावरांत व पक्ष्यांत कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर बंदी आली. तेव्हापासून तुळस, शेवगा, कडुलिंब, ओवा अशा वनस्पतींकडे पक्षीपालकांचे लक्ष वळले आहे आणि ते योग्यच आहे. या पानांमध्ये जीवनसत्त्वे आणि खनिजे असतात, काहींमध्ये जंतूंची वाढ रोखणारी तेले असतात, आणि पिल्लांची भूक व पचन यांना त्यांचा हातभार लागू शकतो. मात्र एकाच झाडाच्या पानांतील गुण जमिनीनुसार, ऋतूनुसार आणि वाळवण्याच्या पद्धतीनुसार बदलतात, त्यामुळे पाल्याचा परिणाम गोळीसारखा ठरावीक मिळत नाही. पाला हा चांगल्या आहाराचा जोडीदार आहे. निकृष्ट आहाराची उणीव त्याने भरून निघत नाही.

म्हणून पाल्याआधी खाद्याचे बोलतो. टर्कीच्या पिल्लाला पहिल्या चार आठवड्यांत सुमारे २८ टक्के प्रथिने असलेले खाद्य लागते, पुढील चार आठवड्यांत सुमारे २६ टक्के. कोंबडीच्या ब्रॉयलर स्टार्टरमध्ये, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या लहान पिल्लांसाठीच्या खाद्यात, हे प्रमाण साधारण २२-२३ टक्केच असते. तालुक्याच्या दुकानात टर्की स्टार्टर सहसा मिळत नाही, म्हणून बहुतेक जण ब्रॉयलर स्टार्टरचे पोते आणतात आणि तिथेच पहिली चूक होते. प्रथिनांची तूट सोयाबीनची पेंड व उत्तम प्रतीची मासळीची भुकटी मिसळून भरून काढता येते, पण त्या पोत्यात रक्ती हगवणीविरुद्ध सॅलिनोमायसिन घातलेले असेल तर ते टर्कीसाठी विष आहे. कोंबडीला जे प्रमाण सोसते त्याने टर्कीचे स्नायू आणि हृदय निकामी होते, पाय लुळे पडतात आणि पक्षी मरतात. नॅरासिनचेही तसेच. पोत्यावरचे लेबल वाचल्याशिवाय, आणि लेबलावर काही लिहिलेले नसेल तर कंपनीकडे किंवा पशुवैद्यकाकडे विचारल्याशिवाय, ते खाद्य पिल्लांपुढे ठेवू नये. बिनऔषधी खाद्य मागून घ्यावे.

मासळीबाबत गोव्यात आणखी एक सावधगिरी लागते. आपल्याकडे घरोघरी खारवलेली सुकी मासळी असते आणि ती कुटून खाद्यात घालण्याचा मोह होतो. टर्कीच्या पिल्लांना जास्त मीठ अजिबात सोसत नाही. साऱ्या खाद्यात मिळून मिठाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आतच राहिले पाहिजे. म्हणून मासळी घालायचीच असेल तर बिनमिठाची वाळवलेली घ्यावी.

पाल्याचे पहिले काम: पिल्लाला खायला शिकवणे

कोंबडीचे पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत दाणे टिपू लागते. टर्कीचे पिल्लू तसे करत नाही. त्याची नजर आणि हालचाल सुरुवातीला मंद असते, समोर खाद्य भरलेले असताना ते उपाशी राहते आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, पोटातील बलक संपल्यावर, मान टाकते. पहिल्या आठवड्यातील मरतुकीत अशा भुकेने मेलेल्या पिल्लांचा वाटा मोठा असतो. पिल्ले थंडीने मेली असे पालक समजतात, पण कापून पाहिले तर पोटात दाणा नसतो.

या ठिकाणी पाला जे करतो ते कुठल्याही औषधी गुणापेक्षा मोलाचे आहे, कारण टर्कीला हिरवा रंग आवडतो. गादीवर, म्हणजे भाताच्या तुसावर, जाडसर खरबरीत कागद अंथरावा, त्यावर बारीक खाद्य पसरावे आणि वरून शेवग्याची कोवळी पाने अगदी मोहरीएवढी बारीक चिरून चिमटीने भुरभुरावीत. मग दिव्याखाली बसून पाहावे. पिल्लू मान तिरकी करून एका डोळ्याने त्या हिरव्या कणाकडे बघते, चोच मारते, कण निसटतो, पुन्हा मारते, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी हिरव्या कणाबरोबर खाद्याचे दोन कणही आत जातात. शेजारचे पिल्लू हे पाहून तिथेच चोच मारू लागते. वीस पिल्लांत अशी दोन-तीन शिकली की दिवसभरात बाकीची शिकतात. जी शिकत नाहीत, ती बाजूला घेऊन हाताने भरवावी लागतात.

पहिल्या पंधरवड्यात दर १० पिल्लांमागे रोज एक उकडलेले अंडे आणि पिण्याच्या एक लिटर पाण्यात १०० मिलिलिटर दूध द्यावे, अशी शिफारस आपल्याकडे टर्कीपालकांना केली जाते व ती पाळावी. अंडे किसणीवर किसून त्यात चिमूटभर चिरलेला पाला मिसळला की पिवळ्या-हिरव्या रंगाने पिल्ले चटकन जवळ येतात. उरलेले अंडे दोन तासांनी उचलावे आणि दुधाचे पाणी तीन-चार तासांनी बदलावे, कारण श्रावणातल्या दमट उकाड्यात ते आंबायला वेळ लागत नाही. पाण्याच्या भांड्यात रंगीत काचेच्या गोट्या टाकल्या तर पिल्ले तिथेही चोच मारतात आणि पाणी प्यायला शिकतात.

या काळात पाला आमिष आहे, आहार नव्हे, हे विसरू नये. शेवग्याच्या ताज्या पानांत तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते आणि १०० ग्रॅम ओल्या पानांत प्रथिने जेमतेम साडेसहा ग्रॅमच्या आसपास. पिल्लाची अन्नाची पिशवी बोराएवढी असते. ती हिरव्याने भरली तर २८ टक्के प्रथिनांच्या खाद्याला जागाच उरत नाही. २० पिल्लांना दिवसातून चार वेळा एकेक चिमूट, एवढेच पहिल्या आठवड्याचे प्रमाण आहे.

कोणता पाला घ्यावा

माझ्या मिश्रणात सर्वांत मोठा वाटा शेवग्याचा असतो, ज्याला कोकणीत मशिंग म्हणतात. गोकुळाष्टमीला ज्या पाल्याची भाजी कोकणात आवर्जून केली जाते, तोच हा पाला. वाळलेल्या पानांत साधारण २५ ते ३० टक्के प्रथिने असतात, कॅल्शियम भरपूर असते आणि ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते ते कॅरोटीनही असते. कडू नसल्याने पिल्ले तो नाकारत नाहीत. फक्त देठ काढून टाकावेत, कारण देठात तंतू जास्त असतो आणि तो पिल्लाला पचत नाही.

दुसरी तुळस. तिच्या पानांतील युजेनॉल हे तेच द्रव्य आहे ज्यामुळे लवंगेला वास येतो. घराच्या वृंदावनातील तुळशीला हात लावायला घरातले तयार नसतात आणि तो मान राखावा. परसात किंवा माडाच्या आळ्याभोवती वेगळी रोपे लावली की मार्च-एप्रिलपर्यंत पुरेसा पाला मिळतो. मंजिऱ्या आल्यावर पानांपेक्षा काड्या जास्त निघतात, म्हणून त्याआधी तोडणी करावी. तिसरा कढीपत्ता, जो थोडा घातला तरी पुडीला चांगला वास देतो.

पानओव्याची जाड, लुसलुशीत पाने वाळवण्याच्या भानगडीत पडू नये. ती आठ-आठ दिवस ओलसर राहतात आणि काळी पडतात. मात्र त्याची कुंडी पावसाळ्यात जोमाने वाढते आणि ताजी पाने चिरून घालायला ती सर्वांत सोयीची असते. थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही द्रव्ये त्याच्या वासात असतात, आणि याच द्रव्यांचा वापर परदेशांत पक्ष्यांच्या खाद्यात मोठ्या प्रमाणावर होतो. वासाला उग्र असल्याने २० पिल्लांना दिवसाला दोन पाने पुरेत.

कडुलिंब आणि किरायते यांविषयी मी सावध आहे. तापावर किरायत्याचा काढा प्यायलेला माणूस गोव्यात घरटी सापडेल, आणि माणसाला जे चालते ते पिल्लालाही चालेल असे मनात येणे साहजिक आहे. पण दोन्ही अतिशय कडू आहेत. खाद्याला कडवटपणा आला की पिल्लू कमी खाते, आणि चार आठवड्यांच्या आतल्या टर्कीने कमी खाणे म्हणजे जे कमवायचे ते सगळे घालवणे. म्हणून ही पाने पाचव्या आठवड्यापासून, अगदी थोडी आणि सलग न देता वापरावीत.

काही पाने मुळीच वापरू नयेत. सुबाभळीच्या पाल्यात प्रथिने भरपूर असतात म्हणून तो शेळ्यांना घालतात, पण त्यातील मिमोसीन पिल्लांची वाढ खुंटवते. कुंपणाला लावलेला गिरिपुष्पाचा पाला, घाणेरी, कण्हेर, रुई, एरंड आणि अ‍ॅव्होकाडोची पाने पिल्लांच्या जवळपासही नकोत. टॅपिओकाच्या कच्च्या पाल्यात सायनाइड तयार होते. पावसाळ्यात परसात माजणारे अळू आणि तेरे घशाला खाजवतात ते त्यातील ऑक्झलेटमुळे. टाकळा, ज्याला आपण तायकिळा म्हणतो, आपल्या ताटात भाजी म्हणून गोड लागला तरी तो रेचक आहे आणि त्याच्या जातकुळीतील काही झाडांच्या बिया कोंबड्यांना विषारी ठरतात. तो पिल्लांना नको. ज्या झाडावर किंवा ज्याच्या शेजारच्या काजूवर फवारणी झाली आहे त्याचा पाला घेऊ नये. खाणपट्ट्यात, ट्रकच्या रस्त्याकडेच्या झाडांवर लाल धुळीचा थर बसलेला असतो. तो कितीही धुतला तरी पानाच्या शिरांत राहतो, म्हणून पाला रस्त्यापासून आत असलेल्या झाडाचाच तोडावा.

वाळवण

सकाळी दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी फांद्या तोडाव्यात. पाला फांदीसकट दोन पाण्यांत धुवावा, फांद्या दोरीवर उलट्या टांगून पाणी निथळू द्यावे आणि मगच पाने ओरबाडावीत. ती सुती कापडावर किंवा बांबूच्या चटईवर बोटभर जाडीपेक्षा कमी थरात, सावलीत आणि वाऱ्यावर पसरावीत. कौलारू घराचा माळा एप्रिल-मे महिन्यात यासाठी उत्तम, कारण तिथे कौलांची ऊब असते, ऊन नसते. थेट उन्हात पाला लवकर वाळतो खरा, पण त्याचा हिरवा रंग उडतो आणि त्याबरोबर कॅरोटीनही नष्ट होते. पिवळी-करडी पूड म्हणजे निम्मे काम वाया गेले असे समजावे. पाला दिवसातून दोनदा खालीवर करावा. शेवगा अशा हवेत दोन-तीन दिवसांत वाळतो, तुळस आणि कढीपत्ता यांना पाच-सहा दिवस लागतात. तीन्ही एकत्र वाळवू नयेत.

पाला वाळला हे ओळखण्यात बहुतेकांची चूक होते. मुठीत दाबल्यावर कुरकुर आवाज होऊन चुरा झाला, की लोक डबा भरतात. पण पानाची पाती कोरडी झाली तरी शीर ओलसर असू शकते. म्हणून दोन परीक्षा कराव्यात. पहिली वजनाची. सुरुवातीला १०० ग्रॅम ओला पाला वेगळ्या सुपात वाळत घालावा आणि त्याचेच वजन रोज करावे. ते २२ ते २५ ग्रॅमपर्यंत उतरून दोन दिवस तेवढेच राहिले, तर तो वाळला. दुसरी बरणीची. मूठभर वाळलेला पाला काचेच्या कोरड्या बरणीत घालून झाकण घट्ट लावावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी काचेवर आतून बाष्प दिसले किंवा पाने मऊ पडली, तर सगळा पाला पुन्हा पसरावा. चार ते पाच किलो ओल्या पाल्यातून साधारण एक किलो वाळलेला पाला हाती येतो, हा हिशेब तोडणीआधीच मांडावा.

पाने अख्खीच साठवावीत, पूड करून ठेवू नये. पूड हवेतील ओल पटकन ओढून घेते आणि तिचा वासही उडतो. पत्र्याचे, घट्ट झाकणाचे डबे भिंतीपासून दूर लाकडी फळीवर ठेवावेत आणि दर आठवड्याला लागेल तेवढाच पाला मिक्सरमध्ये वाटून रव्याच्या चाळणीने चाळावा. डबा उघडल्यावर आधी वास घ्यावा. ताज्या गवतासारखा वास आला तर ठीक; कुबट वास आला तर तो डबा, कितीही जिवावर आले तरी, उकिरड्यात रिकामा करावा.

हे मी इतक्या आग्रहाने लिहितो, कारण एका वर्षी मी ते केले नाही. त्या वर्षी मे महिन्यात आजारपणामुळे वाळवण राहून गेले आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात तोडलेला पाला मी चुलीच्या वर टांगून कसाबसा सुकवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला. ऑगस्टमध्ये पिशवी सोडली तेव्हा किंचित कुबट वास आला होता. तो मला आला होता, हे मी नाकारत नाही. पण एवढी मेहनत टाकायची कशी म्हणून मी तो पाला वाटून खाद्यात घातला. चौथ्या दिवशी पिल्ले पंख सोडून बसू लागली, खाणे सुटले, आणि आठवडाभरात ४० पैकी ९ पिल्ले गेली. पशुवैद्यकांनी एक मेलेले पिल्लू उघडून त्याचे फिकट, सुजलेले यकृत दाखवले आणि बुरशीचे विष असल्याचे सांगितले. खाद्य बदलल्यावर मरतूक थांबली.

टर्की आणि बुरशीचे विष यांचे नाते जुने आहे. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की अज्ञात रोगाने मेले आणि कारण सापडेना म्हणून त्याला 'टर्की एक्स रोग' असे नाव पडले. शोध घेता घेता तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत पोहोचला. त्या पेंडीवर अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढली होती आणि तिच्या विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. कोंबडीपेक्षा टर्कीला हे विष कितीतरी कमी मात्रेत बाधते. त्यामुळे पावसाळ्यात पाल्याइतकीच मक्याची आणि पेंडीचीही तपासणी करावी, ढेकळे झालेले खाद्य वापरू नये आणि टर्कीच्या पिल्लांसाठी भुईमुगाची पेंड टाळलेलीच बरी.

मात्रा आणि मिसळण

वाळलेल्या वजनाने शेवगा सात भाग, तुळस दोन भाग आणि कढीपत्ता एक भाग, असे माझे मिश्रण असते. पहिल्या सात दिवसांत पूड मुळीच देऊ नये, फक्त वर सांगितलेला ताजा पाला. दुसऱ्या आठवड्यात एक किलो खाद्याला अडीच ग्रॅम, तिसऱ्या आठवड्यात पाच ग्रॅम आणि चौथ्या आठवड्यापासून आठव्या आठवड्यापर्यंत दहा ग्रॅम, अशा पायऱ्यांनी वाढवावे. एक किलोला दहा ग्रॅम म्हणजे ५० किलोच्या पोत्याला अर्धा किलो. पाचव्या आठवड्यापासून कडुलिंब किंवा किरायते द्यायचे असेल तर या दहा ग्रॅममध्येच दोन ग्रॅम त्याचे धरावे, पाच दिवस द्यावे आणि पुढचे दहा दिवस थांबवावे. हे प्रमाण माझ्या हाताखालील पिल्लांवरून बसवलेले आहे आणि ते मुद्दाम कमी ठेवलेले आहे. जास्त पाला घातल्याने पिल्लू जास्त वाढत नाही, उलट खाद्यातील तंतू वाढतो, ऊर्जा घटते आणि पिल्लू पोट भरूनही उपाशी राहते.

अर्धा किलो पूड पोत्यात ओतून फावड्याने ढवळली, तर ती एका कोपऱ्यात राहते. आधी ती दोन किलो भरडलेल्या मक्यात हाताने चोळून मिसळावी, मग ते मिश्रण दहा किलो खाद्यात, आणि शेवटी उरलेल्या खाद्यात, स्वच्छ फरशीवर तीनदा ढीग फिरवून. एका वेळी चार-पाच दिवस पुरेल एवढेच खाद्य मिसळावे.

पाल्याचा काढा करून पाण्यातून देऊ नये. दमट उकाड्यात तो लवकर आंबतो, रंग आणि कडवटपणा यामुळे पिल्ले पाणी कमी पितात, आणि कोणी किती प्याले याचा हिशेब राहत नाही. लस पाण्यातून द्यायच्या दिवशी तर पाण्यात काहीच नसावे आणि त्या दिवशी खाद्यातली पूडही मी बंद ठेवतो.

तिसऱ्या आठवड्यापासून ताज्या पाल्याचे प्रमाण हळूहळू वाढवता येते, पण तो अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा लांब चिरू नये. लांब, चिवट पाला अन्नाच्या पिशवीत अडकून गोळा होतो आणि छातीशी टणक गाठ लागते. हिरवा पाला देताना स्वच्छ धुतलेली बारीक खडी वेगळ्या भांड्यात ठेवली, की पेषणीत, म्हणजे पक्ष्याच्या पोटातील दळणाऱ्या पिशवीत, पाला दळला जातो. ओला, पाणी टपकणारा पाला मात्र कधी देऊ नये. गादी ओली झाली की रक्ती हगवणीला आमंत्रण मिळते, आणि श्रावणात गादी कोरडी ठेवणे आधीच कठीण असते.

गुण आला की नाही, हे कसे कळावे

पिल्ले तजेलदार दिसतात एवढ्यावर विसंबू नये. एकाच दिवशी आलेल्या ४० पिल्लांचे २०-२० चे दोन गट करावेत, दोन्हींना सारखी जागा, म्हणजे पहिल्या चार आठवड्यांत दर पिल्लामागे सव्वा चौरस फूट, सारखी ऊब आणि तेच खाद्य द्यावे. फक्त एका गटाच्या खाद्यात पूड घालावी. दर रविवारी सकाळी खाद्य घालण्याआधी प्रत्येक गटाचे एकत्र वजन करावे आणि आठवड्यात किती खाद्य संपले ते लिहावे. समजा एका गटाने ७ किलो खाद्य खाल्ले आणि वजन ४ किलोने वाढले, तर एक किलो वाढीला पावणेदोन किलो खाद्य लागले; दुसऱ्या गटाचा हाच आकडा त्याच्या शेजारी लिहावा. मेलेल्या पिल्लांची तारीख आणि लक्षणही नोंदवावे. दोन-तीन खेपांच्या अशा वहीतून आपल्या परसातील पाला आपल्या पिल्लांना मानवतो की नाही हे समजते, जे दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून समजणार नाही.

रोज सकाळी कागदावरची विष्ठा पाहावी. पाला सुरू केल्यावर ती किंचित हिरवट होते, ते चालते. पातळ हिरवी झाली तर पाला तीन दिवस थांबवून निम्म्या मात्रेने पुन्हा सुरू करावा. रक्त दिसले तर पाल्याची मात्रा बदलत बसू नये, त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे.

आणि विष्ठा गंधकासारखी पिवळी दिसली, पिल्लू डोके खाली घालून एकटे उभे राहिले, तर तो बहुधा काळडोक्या रोग असतो. हिस्टोमोनास नावाचा सूक्ष्म जीव आतड्याच्या टोकाशी असणाऱ्या पिशव्या आणि यकृत पोखरतो, आणि तो पसरतो कोंबडीच्या पोटातील बारीक जंतांच्या अंड्यांतून. ती अंडी मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि गांडुळांतूनही पोटात जातात. गावठी कोंबडी स्वतः फारशी आजारी पडत नाही, पण तिच्याबरोबर एकाच अंगणात चरणारे टर्की मरतात. या रोगावर तुळस, कडुलिंब, किरायते यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही, आणि खात्रीचे औषधही आज हाताशी नाही. टर्कीची जागा कोंबड्यांपासून पूर्ण वेगळी ठेवणे, तिकडची चप्पल आणि खोरे इकडे न आणणे, एवढेच आपल्या हातात आहे. राणीखेत आणि देवी या रोगांच्या लसी वेळेवर टोचून घेणे, तसेच पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, ३५ अंश सेल्सिअस ऊब ठेवून ती दर आठवड्याला अडीच-तीन अंशांनी कमी करणे, यालाही पाला पर्याय नाही.

पुढच्या वर्षीच्या पाल्याची सोय मात्र याच वर्षी करावी. शेवग्याची मनगटाएवढी जाड, मीटरभर लांब फांदी मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या तोंडावर, पाणी न तुंबणाऱ्या उतारावर लावावी, कारण सखल जागी आपल्या पावसात तिची मुळे कुजतात. झाड उंच जाऊ देऊ नये. कमरेच्या उंचीवर छाटत राहिले की बाजूने फुटवे येतात आणि पाला हाताला लागतो. अशी चार झाडे आणि तुळशीचा एक वाफा ४० पिल्लांना पुरून उरतो.